मापातले धोंडे

मी फोनवर विहीणबाईंना दोनच गोष्टी विचारल्या. किती जण येणार, आणि एकेक जण अंदाजे किती धोंडे खाईल.

फोन ठेवला तर थोरल्या जाऊबाई गवार मोडायची थांबून माझ्याकडं बघत होत्या.

"काय विचारलंस तू?"

"किती येणार ते."

"त्याच्या पुढचं."

"किती खाणार ते."

हातातली शेंग त्यांनी परातीत टाकली. "अगं बाई, पोरगी दिलीय तिथं! व्याह्यांना कुणी घास मोजून विचारतं का?"

आमच्याकडं भाकरी मोजत नाहीत. मोजली तर बरकत जाते म्हणतात, आणि जेवणाऱ्याला तर कधीच विचारत नाहीत. 'अमक्याच्या घरी भाकरी मोजून मिळाली' असं म्हटलं की त्या घराबद्दल पुढं काही सांगायची गरज उरत नाही. हे मला ठाऊक होतं. तरी विचारलं, कारण मला मापात स्वयंपाक करायचा होता आणि माप कळल्याशिवाय तो होत नाही. इतका साधा हिशेब कुणाला लागेल असं मला वाटलं नव्हतं.

अधिक महिना जेठात आला होता. मुलीचं लग्न नुकतंच झालेलं, म्हणजे जावयाचा हा पहिला धोंड्याचा महिना. आम्ही महादेवाला मानणारी माणसं, पण या एका महिन्यात जावयाला नारायण समजायला आमच्यातही कुणाची हरकत नसते. त्याला पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, तबकात दिवा आणि तेहतीस अनारसे द्यायचे आणि मग धोंडे खाऊ घालायचे. धोंडे म्हणजे कणकेच्या उंड्यात पुरण भरून वाफवलेले गोळे. वरून तूप. जावयाबरोबर त्याच्या घरचेही येतात. घाटनांदूरहून क्रूझर भरून येणार होती.

माझं हे मापाचं वेड नवं होतं. गावाकडच्या घरी होतो तेव्हा गोठ्यात म्हैस होती. तिच्या घमेल्यात सगळं जायचं: भाजीची देठं, भाताची खरड, शिळी भाकरी, पाहुण्यांच्या ताटातलं उष्टं. आमच्या घरात काही वाया जात नाही, असं मी चारचौघांत सांगायचे. मग पाटोद्यात किराणा दुकानाच्या मागं घर बांधलं, गोठ्याला जागा नव्हती म्हणून म्हैस विकली, आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की काटकसरी होती ती म्हैस. मी नव्हते. बादली रोज भरायची. घंटागाडीवाल्यानं एकदा झाकण उघडून विचारलं, "काकू, घरात लग्न हाय का?" लग्न नव्हतं. आम्ही चार माणसं होतो आणि तो साधा मंगळवार होता.

त्यात वास्तुशांतीचं जेवण झालं. जाऊबाईंच्या मतानं पाहुणे उठल्यावर भांड्यात निम्मं उरलं पाहिजे, तरच जेवण झालं म्हणायचं. त्याप्रमाणे उरलं. मसालेभाताचं पातेलं आणि वरणाची बादली कुणी न्यायला तयार होईना, कारण सगळ्यांची पोटं भरलेली. दुसऱ्या दिवशी उन्हानं ते फसफसायला लागलं. मागच्या मोकळ्या प्लॉटवर खड्डा करून ओतलं. डुकरांनी तो उकरला. आठवडाभर मागचं दार उघडता आलं नाही. नव्या घरात पहिला वास आला तो आंबलेल्या भाताचा.

तेव्हापासून मी बादली दुकानातल्या काट्यावर ठेवायला लागले. नवरा म्हणाला, "आता उष्ट्याचाबी भाव काढणार हायेस का?" मी म्हटलं, तुमच्याच दुकानातलं शिकतेय. जुना माल पुढं, नवा मागं, हे त्याचं तत्त्व. ते मी फ्रिजला लावलं. भाकरी थापायच्या आधी घरात फिरून विचारायचं, कोण किती. भात सगळे आल्यावर लावायचा. उरलेल्या भाकरीचा सकाळी कुस्करा, आणि तोच नाश्ता. दुसरं काही मिळणार नाही. महिन्या-दोन महिन्यांत बादली इतकी हलकी झाली की घंटागाडीवाला एक दिवस आड आला तरी चालायला लागलं. घरातल्यांना विचारायची सवय झाली होती. तीच मी फोनवर वापरली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. आवाज दबका. बहुतेक गोठ्याकडं जाऊन बोलत होती.

"आई, तू काय विचारलंस गं आत्याबाईंना?"

"का?"

"सगळ्या हसायल्यात इथं. चुलतसासू म्हणली, तुझी माय काट्यावर तोलून वाढती का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? आई, तू आपलं डबल कर. उरू दे उरलं तर. पुरलं न्हाई तर तुझं काय, तू पाटोद्यात. मला इथं राहायचंय. धोंड्याला माहेरी पुरण कमी पडलं हे जन्मभर ऐकायचंय."

त्या फोननंतर माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मुलगी खोटं बोलत नव्हती. आमच्या एका आत्याच्या लग्नात पोळ्या कमी पडल्या होत्या. ती आत्या म्हातारी होऊन गेली तरी भावकीत तिची ओळख 'पोळ्या कमी पडल्या ती' अशीच होती. दुसरीकडं तो खड्डा, ती डुकरं. मी पीठ चाळायला बसायचे, उठायचे, डाळीचा डबा उघडायचे, झाकायचे. दुकानात जाऊन आणखी डाळ तोलून आणली आणि दारातून परत नेऊन ठेवली. मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा नवरा म्हणाला, "डाळीला चक्कर यायलीय आता."

शेवटी एक मार्ग काढला. विटतं ते शिजलेलं. कोरडी डाळ विटत नाही, कोरडी कणीक विटत नाही. पुरण मापातच करायचं, त्यातले निम्मे धोंडे आधी वाफवायचे, निम्मं पुरण फ्रिजमध्ये ठेवायचं आणि पंगत बघून भरायला घ्यायचं. त्यातूनही लागलंच तर जादा डाळ मोजून फळीवर ठेवलेली, कुकर शेजारी. जाऊबाईंना हे सांगितलं.

"म्हणजे पाहुणा म्हणणार वाढा, आन तू म्हणणार थांबा, डाळ शिजू द्या."

"तशी वेळ येणार नाही."

"आली तर?"

मी वेलची कुटायला घेतली.

मुलगी आदल्या दिवशीच आली. बॅग ठेवायच्या आधी तिनं स्वयंपाकघरात जाऊन भांडी बघितली. "एवढंच टोपलं?" म्हणाली. मी तिला फळीवरची डाळ दाखवली. तिचं समाधान झालं नाही. ती आणि जाऊबाई मागच्या ओट्यावर हळू आवाजात बोलत बसल्या, आणि मी आत गेले की दोघी अनारशांबद्दल बोलायला लागायच्या.

जेवणाच्या दिवशी पाहुणे अकरापर्यंत येणार होते. धोंडे वाफवून टोपल्यात ओल्या फडक्याखाली ठेवले. कटाची आमटी उकळून तयार. भज्यांचं पीठ कोरडं, भात धुवायचा बाकी. साडेअकरा झाले. बारा झाले. फोन लावला तर लागेना. तेवढ्यात लाईट गेली. फ्रिज बंद, आत पुरण. दुपारचं ऊन पत्र्यावरून घरात उतरत होतं. मी दारात जायचे, रस्त्याकडं बघायचे, परत येऊन फ्रिजचं दार उघडायचे. मुलगी ओरडली, "आई, उघडू नको ना सारखं, गार जातंय बाहेर!" ते मलाही कळत होतं, पण हात थांबत नव्हता. चिमूटभर पुरण जिभेवर ठेवून बघायचे. चांगलं होतं. पाच मिनिटांनी परत बघायचे.

"तूच संपवशील चाखून चाखून," जाऊबाई म्हणाल्या.

दोन वाजून गेल्यावर क्रूझर आली. उतरताना सगळे हसत होते, 'रस्ता खराब, टायर बसलं' असं एकजण म्हणाला आणि दुसऱ्यानं एकदम मान हलवली. व्याही, विहीणबाई, मुलीची चुलतसासू, दीर, दोन नणंदा, त्यांचे नवरे, आणि जावईबापू, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. मी ताटकळले होते, पण तोंड हसरं ठेवलं. पाय धुतले, ओवाळलं, तबक हातात दिलं. जावईबापू लाजत होते. नारायणाचं काम त्यांना झेपत नव्हतं.

मग पंगत बसली.

वाढणाऱ्या बाईला ताट वाचता येतं. आमच्याकडं पाहुणा नको म्हणतो ते दोन प्रकारांनी. खोटा नकार देताना हात ताटाच्या वर धरतात, बोटं फाकलेली. त्या फटीतून वाढायचं असतं, आणि ते दोघांनाही माहीत असतं. खरा नकार देणारा ताटच मागं ओढतो. मी पहिला धोंडा वाढला, तूप घातलं, दुसरा घेऊन गेले तर व्याह्यांनी ताट मागं ओढलं. पुढच्यानंही. तिसऱ्यानं तर ताट गुडघ्याशी नेलं. जावईबापूंनी पहिला धोंडा चौथाईपर्यंत खाल्ला होता आणि उरलेल्याकडं बघत बसले होते.

"बापू, घ्या की."

"बास, मामी. लई झालं."

"एकच तर घेतलाय!"

"लई मोठाले हायेत," ते म्हणाले. मोठे नव्हते. मीच वळले होते.

मला काही कळेना. पुरण विटलं का? आत जाऊन पुन्हा चाखलं. चांगलंच होतं. मुलगी दाराआड उभी होती. "आई, ह्यांनी एक बी संपवला न्हाई," ती कुजबुजली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जाऊबाईंनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "बघितलंस? तुझ्या मापाला भिऊन खाईनात. मोजून वाढती म्हणल्यावर कोण खाईल?" आणि त्या स्वतःच टोपलं घेऊन बाहेर गेल्या, आग्रह करकरून प्रत्येकाच्या ताटात एकेक धोंडा टाकून आल्या. ते धोंडे तसेच राहिले. वाया जायला नको म्हणून मी एवढं केलं, आणि तूप घातलेले धोंडे ताटाताटात निवत होते.

चुलतसासू पाण्याचा पेला हातात धरून मोठ्यानं म्हणाल्या, "पोट भरलं बाई. मापाचंच पोट हाय आमचं."

कुणी हसलं नाही. मुलगी आत निघून गेली.

पंगत उठली. मी स्वयंपाकघरात टोपल्याचं फडकं उचलून बघत होते, परत झाकत होते. तेवढ्यात विहीणबाई आत आल्या. माझ्याच वयाची बाई, आवाज मोठा, चालणं ताडताड.

"ताई, ओवा हाय का थोडा?"

"पोट दुखतंय का?"

"दुखत न्हाई. भरलंय."

"एका धोंड्यानं?"

त्यांनी मागं वळून दार लोटलं. "सांगते, पण रागाला येऊ नका. नांदूरघाटला थांबलतो आमी. माझ्या बहिणीकडं."

"चहाला?"

"थांबलतो चहालाच ओ! तुमी फोनवर विचारलंत न्हाई का, कोण किती खातं. मी म्हणलं, विहीणबाईनं नवीन घर बांधलंय, हात आखडला आसंल. आन आपण क्रूझर भरून जायलोत. तितं उणं पडलं तर सूनबाईचं तोंड बारीक होईल. म्हणून बहिणीला म्हणलं, सगळ्यांना चार घास दे, म्हंजे तितं जाऊन कमीच खातेत."

"मग?"

"ती काय चार घासावर सोडती व्हय? रस काढून ठेवलता. पुऱ्या तळायला बसली. उठूच देईना कुणाला. वाटी पालथी घातली तर वाटीवर वाटी वतायली."

"आणि बापूंनी?"

"त्यानं तर सगळ्यात जास्त. मावशीचा लाडका हाय."

मी स्टुलावर बसले. सकाळपासून पहिल्यांदाच बसले असेन. हसावं की भांडावं हे ठरत नव्हतं.

"अहो, कमी पडू नये म्हणूनच विचारलं होतं मी. जेवढं खाल तेवढं करायला."

"आमच्यात कुणी विचारत न्हाई ओ," त्या म्हणाल्या. "विचारलं की माणूस आदीच हात मागं घेतंय." ओवा तळहातावर चोळून त्यांनी तोंडात टाकला. "जाऊ द्या. राहिलंय ते गाईला घाला."

"गाय नाही."

"म्हशीला."

"म्हैस विकली."

"मग टाकता कुटं तुमी?"

हा प्रश्न त्यांनी खरोखर विचारला होता. मी मागचं दार उघडलं, प्लॉट दाखवला आणि वास्तुशांतीचं सगळं सांगितलं: पातेलं, खड्डा, डुकरं, आठवडाभराचा वास. घंटागाडीवालाही सांगितला. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. ऊन इतकं होतं की मातीकडं बघवत नव्हतं.

"आमचा गोठा हाय ना," त्या म्हणाल्या. "आमाला कधी दिसतच न्हाई, कुटं जातंय ते."

मी म्हटलं, "मग आता ऐका. टोपल्यात अजून धोंडे आहेत, बंद फ्रिजमध्ये निम्मं पुरण. संध्याकाळच्या पुढं हे टिकणार नाही. तुम्ही लगेच निघू नका. ऊन उतरू द्या, दिवस मावळायच्या आत परत पंगत बसवू."

"दोनदा? धोंड्याचं जेवण दोनदा न्हाई जेवत कुणी."

"रस-पुरीचं धरून तीनदा होईल. पहिलं कुणाला सांगणार नाही मी, दुसरं तुम्ही सांगू नका."

त्या हसल्या. मग एकदम गंभीर झाल्या. "धारा काढायच्यात घरी."

"शेजारी कुणी नाही?"

त्यांनी फोन लावून कुणाला तरी गोठ्यात जायला सांगितलं. फोन ठेवून पदर कमरेला खोचला. "मग मी भरते. तुमी वाफवा."

जाऊबाई आत आल्या तेव्हा मुलीची सासू आमच्या ओट्यापुढं उभी राहून कणीक तिंबत होती. जाऊबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. आमच्याकडं विहिणीला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत.

"अहो, तुमी कशाला..."

"बसा हो आक्का," विहीणबाई म्हणाल्या, "नुसतं बसून भूक लागती व्हय?"

खरी अडचण तीच होती. भूक लागायला हवी होती. पुरुष मंडळी पंख्याशिवाय ओसरीत आडवी झाली होती. मी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, काहीतरी करा, झोपू देऊ नका. तो माणूस कमी बोलतो, पण सांगितलेलं करतो. दुकानापुढं साखरेचा आणि तेलाचा माल आलेला होता. थोड्या वेळानं बघते तर जावईबापू आणि त्यांचा भाऊ टेम्पोतून पोती उतरवत होते, आणि व्याही काउंटरवर बसून माल मोजत होते. 

जाऊबाईंनी खिडकीतून पाहिलं. "अगं माय, नारायणाला हमाल केलं ह्या माणसानं!"

मला मात्र चैन नव्हतं. पोती उतरवून झाली की भूक लागणार, आणि भूक लागली की दुसरीच भीती. जे पोटभर जेवून आले होते त्यांच्यासाठी जास्त होतं ते आता उपाशी माणसांना पुरेल का? ताटांतले उष्टे धोंडे आता वाढता येणार नव्हते. ते मी, जाऊबाईंनी आणि मुलीनं उभ्या उभ्या खाऊन संपवले होते. म्हणजे टोपलं मापापेक्षा कमीच होतं. फळीवरच्या डाळीकडं मी दोनदा बघितलं. लाईट आली. पाहुणे आज जाणार. शिजवली आणि उरली तर पुन्हा तोच खड्डा. डाळ तिथंच राहू दिली. कुकरचं झाकण मात्र काढून शेजारी ठेवलं.

ऊन उतरल्यावर पुन्हा पंगत बसली. या वेळी हात ताटाच्या वर आले, बोटं फाकलेली. मी वाढत गेले. व्याह्यांनी सलग तीन खाल्ले. दिरानं आमटी प्यायली. नणंदांचे नवरे धोंडा मोडायच्या आधी तूप मागत होते. मुलगी आत-बाहेर करत होती आणि प्रत्येक वेळी माझ्या हातातल्या टोपल्यात डोकावत होती. मीही डोकावत होते. तळ दिसायला लागला. शेवटची चाळणी उतरवली, तीही गेली. चुलतसासूंनी चार खाल्ले. मापाचं पोट म्हणणाऱ्या त्याच.

शेवटचा धोंडा मी जावईबापूंना वाढला आणि रिकामं टोपलं घेऊन आत आले. ते ओट्यावर ठेवलं न ठेवलं तोच बाहेरून त्यांचा आवाज आला.

"मामी, आजून एक हाय का?"

मुलगी माझ्या शेजारी होती. तिनं टोपल्यात बघितलं, मग फळीवरच्या डाळीकडं, मग माझ्याकडं. बाहेर चुलतसासूंचा आवाज लगेच आला. "संपलं का काय?" त्यात विचारण्यापेक्षा वाट बघणं जास्त होतं. मी तोंड उघडलं. काय म्हणणार होते कोण जाणे. बहुतेक खरंच सांगितलं असतं, संपलं म्हणून. मला ते चांगलंच वाटत होतं.

विहीणबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. "संपतंय कशाला? टोपलंभर हाय आत." आणि लेकाकडं बघून, "पण तू बास कर आता. सकाळपासून किती खायचं रे? क्रूझरमधी आजारी पडशील."

"बघू दे की," चुलतसासू मान उंच करत म्हणाल्या, "कसं वळलेत, आमालाबी शिकायचंय."

जाऊबाई, ज्या सकाळपासून मला घालूनपाडून बोलत होत्या, पुढं झाल्या, दार पायानं लोटलं आणि पाठ टेकून उभ्या राहिल्या. "आत उकडायलंय बाई लई. चुली पेटल्यात. तुमी बसा, विडा घ्या."

जावईबापूंनी हात धुतला. मुलगी ओट्याला टेकून उभी होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर पान-सुपारी घेऊन गेली, पाठ ताठ करून.

आम्ही तिघी उरलो. विहीणबाईंचं दुसऱ्या पंगतीचं जेवण राहिलंच होतं. मी म्हटलं, डाळ लावते.

"कशाला? पुन्हा उरंल ते," त्या म्हणाल्या. "भाकरी हाय का?"

सकाळची भाकरी होती. त्यावर लसणाची चटणी आणि तेल घेऊन आम्ही तिघींनी ओट्याजवळ उभ्यानंच खाल्ली. जाऊबाई म्हणाल्या, "विहिणीला धोंड्याच्या दिवशी शिळी भाकरी!" विहीणबाई म्हणाल्या, "कुणाला सांगताय? आत टोपलंभर धोंडे हायेत की." मग तिघींनाही हसू आवरेना, आणि बाहेरून व्याह्यांनी हाक मारली की निघायचंय.

तेहतीस अनारशांचा डबा क्रूझरमध्ये ठेवला. ते टिकतात, त्यांची काळजी नव्हती. मुलगी खिडकीजवळ बसली. विहीणबाई पुढच्या सीटवर. गाडी सुरू झाली तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नांदूरघाटची बहीण. अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलायला लागल्या.

"झालं की. लई झकास झालं. न्हाई गं, मापात कशाचं आलंय! लई केलतं. आमाला खाऊच होईना. टोपलंभर उरलंय, बिचाऱ्यांना टाकावंच लागंल आता."

मी गाडीच्या दाराशी उभी होते. दिवसभर जिवाचा आटापिटा करून एक घासही टाकावा लागला नव्हता, आणि आता नांदूरघाटपासून घाटनांदूरपर्यंत माझं नाव होणार होतं ते टोपलंभर वाया घालवणारी म्हणून. मी म्हणणार होते, काही उरलं नाही, टोपलं रिकामं आहे, आत येऊन बघा. शब्द अगदी तोंडाशी आले होते.

मुलीनं खिडकीतून माझ्याकडं बघितलं.

मी गाडीचं दार लावलं. क्रूझर गेली. आत जाऊन फळीवरची डाळ उतरवली, दुकानात नेऊन परत पोत्यात ओतली. नवरा म्हणाला, "पुरलं?"

"उरलं," मी म्हटलं, आणि टोपलं धुवायला घेतलं.